जेन्नारो : एका नावाचा करारनामा

इटलीच्या दक्षिण भागात, विशेषतः नेपल्स शहरात आणि त्याच्या भोवतालच्या कांपानिया प्रांतात, एखाद्या मुलाचे नाव जेन्नारो असेल तर त्याचा जन्म कोणत्या महिन्यात झाला याविषयी त्या नावावरून काहीही अनुमान काढता येत नाही, आणि ही गोष्ट आरंभीच नोंदवलेली बरी. कारण व्युत्पत्तीने पाहता या नावाचा अर्थ ‘जानेवारीचा’ असाच होतो. लॅटिनमधील ‘यानुआरिउस’ हे विशेषण एकाच वेळी वर्षातील एका महिन्याचे नाव झाले आणि माणसांचेही झाले, त्यामुळे मराठी घराच्या भिंतीवरची दिनदर्शिका ज्या शब्दाने उघडते तो ‘जानेवारी’ आणि नेपल्सच्या गल्लीत चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून ज्याच्या नावाने ओरडा चालतो तो जेन्नारो हे एकाच लॅटिन घराण्यातले चुलतभाऊ ठरतात. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज वळणाने आलेले ‘जानुआरियो’ हे नाव याच घराण्याची समुद्रापार गेलेली शाखा होय.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे यानुस हा प्राचीन रोमचा देव. तो दारांचा आणि आरंभांचा देव असून त्याला दोन तोंडे होती, एक आत पाहणारे आणि एक बाहेर पाहणारे, ही सोय दारावर बसणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा अशीच आहे. दाराला लॅटिनमध्ये ‘यानुआ’ म्हणत. सार्डिनिया बेटाच्या भाषेत आजही दाराला आणि डोंगरातल्या खिंडीला ‘जेन्ना’ म्हणतात, आणि अमेरिकेतील इमारतींची झाडलोट व राखण करणारा ‘जॅनिटर’ही याच दारातून बाहेर पडलेला आहे. रोममधील यानुसच्या देवळाची दारे युद्ध चालू असेपर्यंत उघडी ठेवावीत आणि शांतता झाली की लावून घ्यावीत असा रिवाज होता. रोमन लोकांचा एकंदर स्वभाव पाहता त्या दारांच्या बिजागऱ्यांना शतकानुशतके फारशी तोशीस पडली नाही, आणि आपल्या कारकिर्दीत ती तीनदा लावण्याचा योग आला ही गोष्ट सम्राट ऑगस्टसने आपल्या पराक्रमांच्या यादीत अभिमानाने नमूद करून ठेवली.

लॅटिनमधून इटालियन भाषा घडताना आरंभीच्या ‘या’चा ‘जे’ झाला, आणि पुढे शेपटाकडच्या अक्षरांवरून उत्तर व दक्षिण यांच्यात मतभेद झाला. लॅटिन ‘-आरिउस’ या प्रत्ययाचे तस्कनी प्रांतात ‘-आयो’ होते, तर दक्षिणेत आणि रोमच्या आसपास ‘-आरो’ होते. प्रमाण इटालियन तस्कनीच्या बोलीवर उभी असल्यामुळे महिना ‘जेन्नायो’ म्हणून सरकारी कागदावर चढला, आणि मुलगा मात्र ‘जेन्नारो’ म्हणून नेपल्समध्येच राहिला. हे नाव उच्चारताना ‘अन्न’ शब्दातल्याप्रमाणे ‘न’वर जोर द्यावा लागतो, तो न दिल्यास माणूस बाहेरगावचा आहे हे नेपल्समध्ये तत्काळ ओळखले जाते, आणि त्यानंतर टॅक्सीच्या भाड्याविषयी काही बोलण्यात अर्थ उरत नाही.

एवढ्या भांडवलावर हे नाव फार तर रोमन शिलालेखांच्या सूचीत पडून राहिले असते. ते जिवंत राहिले याचे श्रेय यानुआरिउस नावाच्या एका बिशपांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रांताच्या प्रमुखांना जाते, ज्यांना इटालियन जग सान जेन्नारो, अर्थात संत जेन्नारो, म्हणून ओळखते. हे नेपल्सचे बिशप नव्हते. ते बेनेव्हेंतो या आतल्या बाजूच्या गावचे बिशप होते. परंपरेनुसार रोमन सम्राट डायोक्लिशियनच्या ख्रिस्तीविरोधी मोहिमेत, १९ सप्टेंबर ३०५ या दिवशी, नेपल्सजवळच्या पोत्सुओली येथे सोल्फातारा नावाच्या धुमसत्या ज्वालामुखीच्या मुखापाशी त्यांचा शिरच्छेद झाला. येथे एक कारकुनी बाब लक्षात घेण्यासारखी आहे. डायोक्लिशियन १ मे ३०५ रोजीच स्वखुशीने निवृत्त होऊन समुद्रकाठच्या आपल्या वाड्यावर गेला होता, म्हणजे परंपरेची तारीख खरी मानली तर साहेब निवृत्त होऊन साडेचार महिने लोटले तरी त्यांच्या परिपत्रकाची अंमलबजावणी तालुक्याच्या पातळीवर निष्ठेने सुरूच होती. शिरच्छेदापूर्वी बिशपांना भट्टीत टाकले असता ते न भाजता बाहेर आले आणि पोत्सुओलीच्या रिंगणात श्वापदांपुढे सोडले असता श्वापदांनी त्यांना तोंड लावले नाही, असे चरित्रकथा सांगतात. अखेर तलवारीचा उपाय लागू पडला, जो संतांच्या चरित्रांत का कोण जाणे नेहमीच लागू पडतो.

जिवंतपणी या बिशपांनी केलेला प्रवास बेताचा होता. मृत्यूनंतर मात्र त्यांना स्वस्थता लाभली नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या अस्थी नेपल्सला आणून शहराबाहेरच्या भुयारी दफनभूमीत ठेवण्यात आल्या; ८३१ मध्ये बेनेव्हेंतोचा लोंबार्ड राजा सिकोने याने ‘आमचा माणूस’ म्हणून त्या उचलून नेल्या, पण शिर नेपल्समध्येच राहिले; बाराव्या शतकात अस्थी माँतेव्हेर्जिने येथील डोंगरावरच्या मठात गेल्या आणि तेथे इतक्या सुरक्षित ठेवल्या गेल्या की कालांतराने त्या कोठे आहेत याचाच विसर पडला. त्या सापडल्यावर १४९७ मध्ये वाजतगाजत नेपल्सला परत आल्या, आणि अशा रीतीने बेनेव्हेंतोचा एक बिशप नेपल्सचा कायमचा रहिवासी झाला. बेनेव्हेंतोच्या लोकांना याविषयी आजही काय वाटते हे त्यांना विचारू नये.

नेपल्सने या रहिवाशाशी जे नाते जोडले ते भक्तीच्या सर्वसाधारण व्याख्येत बसत नाही, आणि जेन्नारो या नावाचा खरा अर्थ कोशात नसून या नात्यात आहे. १५२७ साल उजाडले तेव्हा शहरात प्लेग होता, भोवती फ्रान्स आणि स्पेन यांचे युद्ध पेटले होते, आणि व्हेसुव्हियस पर्वताची धास्ती तर बारमाहीच होती. अन्य गावांनी अशा वेळी नवस बोलला असता. नेपल्सने करार केला. १३ जानेवारी १५२७ रोजी (तारीख निवडताना संताच्या नावातल्या महिन्याचा विचार झाला असल्यास तसा उल्लेख नाही) शहराचे निवडलेले प्रतिनिधी प्रधान चर्चमध्ये संताच्या अवशेषांसमोर जमले आणि त्यांनी नोटरीसमक्ष रीतसर दस्त केला: संताने शहराचे रक्षण करावे, आणि त्या बदल्यात शहराने संतासाठी नवे प्रार्थनामंदिर बांधून द्यावे. दस्ताच्या एका बाजूचा पक्षकार त्या दिवशी मरून १२२१ वर्षे झाली होती, तेव्हा त्याची सही घेण्याचा प्रश्न उद्भवला नाही. दुसऱ्या पक्षकाराने सही केली आणि बांधकामाचा शुभारंभ १६०८ मध्ये, म्हणजे एक्याऐंशी वर्षांनी केला. यावरून सार्वजनिक बांधकामाची परंपरा किती पुरातन आहे हे ध्यानात येते.

पुढे १६४६ मध्ये ते मंदिर पुरे झाले, आणि ते इतके देखणे झाले की विलंबाची तक्रार करायला तोंड उरू नये. मात्र दहाच वर्षांनी, १६५६ मध्ये, प्लेगने शहराची जवळजवळ निम्मी वस्ती नेली. कराराचा भंग झाला म्हणून कोणी संताला न्यायालयात खेचले नाही. नेपल्सने अधिक व्यवहारी मार्ग पूर्वीच शोधून ठेवला होता आणि तो पुढेही चालू ठेवला, तो म्हणजे सहसंरक्षक संत नेमण्याचा. मुख्य संरक्षकाच्या मदतीला नेमलेल्या या संतांची संख्या वाढत वाढत पन्नासाच्या वर गेली असून त्यांचे चांदीचे अर्धपुतळे त्याच मंदिरात ओळीने उभे आहेत, आणि त्या ओळीकडे पाहिले की एका विम्यावर विसंबून न राहणारे शहर डोळ्यांपुढे येते.

या मंदिराची मालकी हा आणखी एक नाजूक विषय होय. करार शहराने केलेला असल्यामुळे मंदिर आणि त्यातला खजिना चर्चचा नसून शहराचा आहे, आणि त्याचा कारभार १६०१ मध्ये स्थापन झालेले ‘देपुतात्सियोने’ हे गृहस्थांचे विश्वस्त मंडळ पाहते, ज्याचे अध्यक्षपद शहराच्या महापौराकडे असते. खजिना लहान नाही: १७१३ मध्ये घडवलेल्या एका मुकुटातच, म्हणजे बिशपच्या उंच टोपीत, ३६९४ रत्ने जडवलेली असून त्यांतले बहुतेक हिरे आहेत. २०१६ मध्ये इटलीच्या गृहखात्याने या मंडळावरील काही नेमणुकांत आर्चबिशपांना अधिकार देण्याचा घाट घातला, तेव्हा ज्यांना रविवारी चर्चमध्ये पाहिल्याचे कोणाला आठवत नाही असेही नेपल्सकर पांढरे रुमाल घेऊन निषेधाला उतरले. संत आमचा आहे, धर्माचा नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद धर्मशास्त्रात बसणारा नसला तरी मूळ दस्ताला धरूनच होता. दीनो रिसी याच्या १९६६ च्या चित्रपटात हाच खजिना लुटायला निघालेला स्थानिक चोर आधी संतासमोर उभा राहून त्याची परवानगी मागतो, हेही त्याच कायदेशीर वृत्तीचे लक्षण म्हणता येईल.

आता रक्ताकडे वळले पाहिजे, कारण जेन्नारो हे नाव उच्चारले की नेपल्समध्ये दुसरा शब्द तोच येतो. शिरच्छेदाच्या वेळी एउसेबिया नावाच्या दाईने संताचे रक्त काचेच्या दोन कुप्यांत भरून घेतले अशी परंपरा आहे. ते रक्त एरवी घट्ट, काळपट गोळ्याच्या रूपात असते आणि ठरावीक दिवशी द्रवते. या घटनेची पहिली नोंद १३८९ मधली आहे. अर्थात पहिली जवळजवळ अकराशे वर्षे रक्त द्रवत नव्हते, किंवा द्रवत होते पण ते लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही, आणि नेपल्समधील लोकांची बोलण्याची हौस विचारात घेता दुसरी शक्यता दुबळी वाटते. रक्त द्रवण्याचे दिवस वर्षातून तीन आहेत: मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार, शिरच्छेदाचा म्हणून १९ सप्टेंबर, आणि १६३१ च्या व्हेसुव्हियसच्या भयंकर उद्रेकातून शहर बचावले त्याचे स्मरण म्हणून १६ डिसेंबर.

प्रत्यक्ष विधी असा असतो. लोखंडी तिजोरीतून कुप्या असलेले गोल, दोन बाजूंनी काच लावलेले चांदीचे पात्र काढले जाते. पुरोहित ते हातात धरून पुन्हा पुन्हा उलटे करतात आणि आतला गोळा काचेला चिकटून राहतो की घसरतो हे पाहतात. तो घसरला, आणि मग काचेच्या कडेने ओघळ उतरला, की विश्वस्त मंडळाचा एक सभासद पांढरा रुमाल हलवतो, तोफा डागल्या जातात आणि शहर सुटकेचा निःश्वास टाकते. रुमाल हलायला कधी पाच मिनिटे लागतात, कधी तास जातात, आणि याच मधल्या वेळेत नेपल्सची खरी प्रार्थना ऐकू येते. पहिल्या ओळीत काही वृद्ध स्त्रियांची जागा परंपरेने राखीव असे. त्यांना ‘पारेन्ती’, म्हणजे संताच्या नातेवाईक, म्हणत. त्या स्वतःला एउसेबियेच्या वंशातल्या मानत आणि त्यामुळे संताशी बोलताना त्यांना पुरोहिताच्या मध्यस्थीची गरज भासत नसे. आरंभी त्या स्तोत्रे म्हणत, नंतर विनवण्या करीत, आणि रक्त तरीही अडून बसले की आवाज चढवून संताची खरडपट्टी काढीत. त्यांची ठरलेली शिवी ‘पिवळ्या तोंडाच्या’ अशा अर्थाची होती, कारण वेदीवर ठेवलेला संताचा अर्धपुतळा चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला आहे. विठोबाला फैलावर घेणारी जनाबाई ज्यांना परिचित आहे त्या मराठी वाचकांना यात पाखंड दिसणार नाही. परदेशी प्रवाशांना मात्र ते दिसत आले, आणि त्यांच्या वर्णनांत या म्हाताऱ्या रक्तापेक्षा अधिक जागा व्यापतात.

विज्ञानानेही या कुप्यांकडे पाहिले आहे, पण बाहेरूनच, कारण त्या उघडण्याची परवानगी नाही. १९९१ मध्ये तीन इटालियन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखवून दिले की लोहाचा एक क्षार, खडूची भुकटी आणि मीठ अशा मध्ययुगात सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून रक्तासारखा तांबूस-काळा लगदा करता येतो, जो ठेवून दिला असता गोठतो आणि हलवला असता पातळ होतो. या गुणधर्माला थिक्सोट्रॉपी म्हणतात. बाटलीत अडून बसलेला आणि हलवताच एकदम ताटभर येणारा टोमॅटोचा सॉस हे त्याचे घरोघरी सापडणारे उदाहरण होय. लोहाचा तो क्षार व्हेसुव्हियसवर नैसर्गिकरीत्या सापडतो, ही माहिती नेपल्सकरांनी खेळीमेळीने घेतली, कारण पर्वत आणि संत यांचे संगनमत असावे असा त्यांचा संशय जुनाच होता. चर्चची भूमिका याहून सावध आहे: या घटनेला चर्च ‘चमत्कार’ म्हणत नाही, ‘प्रोदिजिओ’ म्हणजे ‘अद्भुत घटना’ एवढेच म्हणते. २१ मार्च २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या हातात रक्त अर्धेच द्रवले, तेव्हा संताचे आपल्यावर अर्धेच प्रेम आहे असे दिसते, आपण सर्वांनी अजून सुधारायला हवे, अशा आशयाचा शेरा मारून पोपांनी तो प्रसंग साजरा केला.

रक्त द्रवले नाही की अनिष्ट घडते, हा समज मात्र कोणत्याही प्रयोगशाळेने हललेला नाही. १९३९, १९४०, १९४३ ही वर्षे त्याच्या पुराव्यादाखल दिली जातात; १९७३ मध्ये नेपल्समध्ये कॉलरा आला; सप्टेंबर १९८० मध्ये रक्त गोठलेले राहिले आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला इर्पिनियाच्या भूकंपाने हजारो माणसे मारली. ज्या वर्षी रक्त द्रवले आणि तरीही संकट आले त्या वर्षांची यादी कोणी ठेवत नाही. नेपल्समध्ये ‘स्मोर्फिया’ नावाची एक प्राचीन सूची आहे, जिच्यात स्वप्नात दिसणाऱ्या वस्तूंना १ ते ९० असे आकडे दिलेले असून त्यांवरून लॉटरीचे तिकीट घेतले जाते. तिच्यात १८ म्हणजे रक्त आणि १९ म्हणजे हसू. उत्सव १९ तारखेला असतो, आणि आदल्या दिवशी कोणत्या आकड्यावर पैसे लावायचे याविषयी शहरात दोन प्रामाणिक मते आहेत.

करार म्हटला की नोकरीवरून काढण्याची तरतूदही आलीच, आणि नेपल्सने ती वापरलीदेखील. १७९९ च्या जानेवारीत फ्रेंच क्रांतीच्या सेनेने नेपल्स घेतले आणि तेथे प्रजासत्ताक स्थापन केले. फ्रेंच सेनापतींचा संतांवर विश्वास नव्हता, पण संतांचा लोकांवर असलेला प्रभाव त्यांना कळत होता, आणि म्हणून रक्ताने प्रजासत्ताकाला पसंती द्यावी अशी त्यांची निकडीची इच्छा होती. रक्त त्यांच्या उपस्थितीत द्रवले. एका सेनापतीने आर्चबिशपांच्या कानात पिस्तुलाविषयी काही शब्द सांगितल्यावर ते द्रवले अशी दंतकथा आहे. काहीही असो, राजनिष्ठ गरीब जनतेच्या दृष्टीने जेन्नारो फितूर झाला होता. १३ जून १७९९ रोजी कार्डिनल रुफो यांच्या राजनिष्ठ सेनेने शहर परत जिंकले, आणि १३ जून हा पादुआच्या संत अँथनीचा दिवस. हरवलेल्या वस्तू शोधून देणे हे कॅथलिक जगात या अँथनीचे खाते मानले जाते, आणि राजाचे अख्खे शहर त्याच्याच दिवशी सापडले, तेव्हा बढतीविषयी शंका राहिली नाही. क्रांतिकारकांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून जेन्नारो यांना शहराच्या मुख्य संरक्षकपदावरून दूर करण्यात आले आणि त्या जागी अँथनी आले. आपल्या प्रशासकीय भाषेत बोलायचे तर निलंबनाचा हा आदेश मृत कर्मचाऱ्याला मृत्यूनंतर जवळजवळ १४९४ वर्षांनी बजावला गेला.

नवा संरक्षक किल्ल्या, अंगठ्या आणि चुकलेली गाढवे यांत निष्णात होता; ज्वालामुखी हा त्याच्या अनुभवाचा भाग नव्हता. व्हेसुव्हियस पुन्हा धुमसू लागला तेव्हा अँथनींना काय करावे ते सुचले नाही आणि लोक निमूटपणे जुन्या संताकडे वळले, असे नेपल्समध्ये सांगतात. १७६७ च्या उद्रेकानंतर माद्दालेना पुलावर उभारलेला जेन्नारोंचा पुतळा तेव्हाही व्हेसुव्हियसच्या दिशेने हात उंचावून उभा होता आणि आजही आहे. नोकरी गेली तरी चौकीवरून न हटणाऱ्या पहारेकऱ्याला किती काळ बेरोजगार ठेवणार? काही वर्षांत त्यांचे पद त्यांना परत मिळाले. त्यानंतर १९६९ मध्ये व्हॅटिकनने संतांच्या दिनदर्शिकेची फेररचना करून जेन्नारोंचे स्मरण जगभर बंधनकारक न ठेवता स्थानिक मानावे असे ठरवले, तेव्हा नेपल्सच्या भिंतींवर संताला धीर देणारा एक मजकूर उमटला. त्याचा सभ्य मराठीतला आशय ‘जेन्ना, तू कशाला मनावर घेतोस’ असा होतो. मूळ क्रियापद संताला उद्देशून सहसा वापरले जात नाही.

अशा संताचे नाव मुलाला देणे म्हणजे काय, हे आता स्पष्ट होईल. दक्षिण इटलीतील जुन्या रीतीनुसार पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव मिळते. आजोबा जेन्नारो असतील आणि त्यांना चार मुलगे असतील, तर चारही घरांतले थोरले नातू जेन्नारो होतात, आणि १९ सप्टेंबरला, जो त्या सर्वांचा ‘ओनोमास्तिको’ म्हणजे नावाच्या संताचा दिवस असतो, एका केकवर भागते. महाराष्ट्रातही नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती. परंतु सुनेने सासऱ्याचे नाव घेऊ नये हा दुसरा नियम तिच्या आड येई, आणि मग पाळण्यात गोविंद झालेले बाळ आयुष्यभर बापू किंवा बाळ म्हणून वावरे. नेपल्समध्ये हा दुसरा नियम नाही. तेथील सून सासऱ्याचे नाव दिवसातून वीस वेळा, गल्लीतल्या प्रत्येक घराला ऐकू जाईल अशा आवाजात, पायांतले बूट न काढता घरात शिरल्याबद्दलच्या सर्व विशेषणांसह घेऊ शकते, आणि सासऱ्याला याबद्दल कृतज्ञ राहावे लागते, कारण नाव त्याच्याच सन्मानार्थ ठेवलेले असते.

हाक मारताना नेपल्सच्या बोलीत नावाचा शेवट गाळून जोर उरलेल्या शेवटच्या स्वरावर देतात, त्यामुळे जेन्नारोचा ‘जेन्ना’ होतो आणि ‘ना’ जिन्यावरून रस्त्यापर्यंत लांबतो. एका इमारतीत चार जेन्नारो असतील तर ही हाक निरुपयोगी ठरते, आणि मग लघुरूपे कामाला येतात: जेन्नारिनो, जेन्नारिएल्लो, जेन्नी, आणि जेन्नारिनोच्या केवळ शेपटापासून झालेला रीनो. यांतील जेन्नारिएल्लोला साहित्यात मान मिळाला. कवी आणि चित्रपट-दिग्दर्शक पाझोलिनी याने १९७५ मध्ये, आपल्या मृत्यूच्या वर्षी, याच नावाच्या एका काल्पनिक नेपल्सकर मुलाला उद्देशून शिक्षणविषयक लेखमाला लिहिली. विद्यार्थी काल्पनिक असल्याने त्याने एकदाही उलट उत्तर दिले नाही, आणि एवढ्या एका मुद्द्यावर त्याच्या नेपल्सकर असण्याविषयी शंका येते.

संगीतिकाकारांनी या नावाचे फारसे भले केलेले नाही. दोनिझेत्तीच्या १८३३ मधील ‘लुक्रेत्सिया बोर्जिया’त जेन्नारो विषाने मरतो आणि ते विष त्याला न ओळखलेल्या आईच्या हातचे असते, वोल्फ-फेर्रारीच्या १९११ मधील संगीतिकेत जेन्नारो नावाचा लोहार प्रेयसीसाठी मेरीमातेच्या मूर्तीवरचे दागिने चोरतो आणि अखेरीस स्वतःला संपवतो. नाटककार एदुआर्दो दे फिलिप्पो नेपल्सचा असल्यामुळे त्याने अधिक समजूत दाखवली. त्याच्या १९४५ मधील ‘नापोली मिलियोनारिया’ या नाटकात जेन्नारो योविने नावाचा बेकार ट्रामचालक आहे, ज्याच्या बायकोने युद्धकाळात काळ्या बाजाराचा माल पलंगाखाली भरून ठेवला आहे. पोलिसांची झडती येते तेव्हा त्याला त्या पलंगावर मेलेला म्हणून निजवतात, भोवती रडारड सुरू होते, अंमलदाराला सगळे कळत असते, आणि तेवढ्यात बाँबहल्ला होऊन माणसे पळू लागतात तरी मयत हलत नाही. अंमलदार या चिकाटीपुढे हात टेकतो. द्रवायचे की नाही हे स्वतः ठरवण्याचा हक्क जेन्नारोंना आहे, ही गोष्ट अंमलदारानेही मान्य केली असे या प्रवेशावरून म्हणता येते.

अलीकडे इटलीभर नवजात मुलग्यांत लिओनार्दो हे नाव आघाडीवर आहे आणि जेन्नारो हे नाव उत्तरेकडच्या आईबापांना आजोबांच्या कोटासारखे वाटते. नेपल्समधल्या फोर्चेल्ला वस्तीत मात्र योरित या चित्रकाराने २०१५ मध्ये एका इमारतीची अख्खी बाजू व्यापणारा सान जेन्नारो रंगवला आणि त्याला चेहरा दिला तो हातांनी काम करणाऱ्या एका साध्या तरुणाचा. न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सहून गेलेल्या स्थलांतरितांनी १९२६ मध्ये सुरू केलेला उत्सव अजून भरतो, आणि तेथे रक्ताची सोय नसल्याने सगळा भर सॉसेजवर असतो.

या नावाचा जगात सर्वांत अधिक गाजलेला आधुनिक धारक म्हणजे फुटबॉलपटू जेन्नारो गात्तुझो, २००६ च्या विश्वविजेत्या इटालियन संघाचा मधल्या फळीतला खेळाडू, जो जन्माने नेपल्सचा नसून कालाब्रियाचा आहे आणि ज्याला सगळे रीनो म्हणतात. डिसेंबर २०१९ मध्ये तो नेपल्सच्या नापोली संघाचा प्रशिक्षक झाला, आणि पुढच्याच जूनमध्ये संघाने इटलीचा चषक जिंकला. १६ डिसेंबर २०२० रोजी प्रधान चर्चमध्ये पुरोहितांनी कुप्या पुन्हा पुन्हा उलट्या केल्या आणि रक्त हलले नाही. त्याच रात्री मिलानमध्ये जेन्नारोचा संघ इंटरकडून एका पेनल्टीवर १-० असा हरला, आणि त्याचा नेपल्सकर कर्णधार त्या पेनल्टीविषयी पंचांशी जे बोलला त्याबद्दल तांबडे कार्ड घेऊन मैदानाबाहेर गेला. अशा शब्दांना चर्चच्या पहिल्या ओळीत परंपरेचा आधार आहे, परंतु पंच नेपल्सचे नव्हते.